सरळ पायाची

आमच्या वाडीतली माणसं ओझरला जात नसत. विघ्नहरावर कोणाचा राग नव्हता. देवळात चपला काढाव्या लागतात, एवढंच कारण.

वाडी आंबेगाव तालुक्याच्या पार पश्चिमेला. डिंभ्याच्या धरणाच्या पाण्यापासून चढून वर गेलं की कड्याखालच्या पट्टीवर आमची घरं. भाताची खाचरं, थोडी नाचणी, हिरड्याची झाडं. दोनच भावक्या होत्या. या घरची मुलगी त्या घरात, त्या घरची या घरात, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. आणि प्रत्येक पिढीत काही मुलं दोन बोटांच्या पायांची जन्माला येत. मधली बोटं नसायचीच. तिथून पाऊल खोलवर दुभंगलेलं, एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला एक जाड बोट, आणि दोन्ही एकमेकांकडे वळलेली. खालच्या गावातल्या एखाद्याच्या नजरेस पडलाच तर तो त्याला खेकड्याचा पाय म्हणे. आम्ही नुसतं ‘आमचा पाय’ म्हणायचो.

वाडीत सगळे अनवाणीच हिंडत. माझे वडील त्याच पायांनी डोक्यावर हिरड्याचं पोतं घेऊन कडा उतरायचे आणि बरोबरच्या सरळ पायाच्या माणसाला मागे टाकायचे. पण पायवाट जिथे डांबरी रस्त्याला मिळते तिथे एक सपाट खडक होता. त्यावर बसून सगळे कॅनव्हासचे बूट चढवायचे. बुटाच्या पुढच्या भागात चिंध्या कोंबलेल्या असायच्या, म्हणजे बूट भरलेला दिसे. लहानपणी मला वाटायचं, रस्त्याला लागताना बूट घालायचे हा सगळ्या जगाचाच नियम आहे.

मी सरळ पायाची. माझ्याहून मोठी आक्का, ती वडिलांच्या पायावर गेलेली. धाकटा भाऊ पुन्हा सरळ. मी जन्मले तेव्हा आईनं मुलगा की मुलगी हे विचारलंच नाही. सुइणीला म्हणाली, “आधी पाय दाव.” आणि पाय बघून आनंदानं रडली. ही गोष्ट आई मला कौतुकानं सांगायची, आक्का तिथेच चुलीपाशी बसलेली असली तरी सांगायची.

वाडीची रीत ठरलेली होती. सरळ पायाच्या मुली खाली द्यायच्या, जमलं तर चांगल्या बागायती गावात. दोन बोटांच्या मुली वाडीतच ठेवायच्या. आक्का मामाच्या मुलाला लहानपणीच सांगून ठेवली होती. तो भोसरीला कंपनीत लागला आणि दिवाळीला आला तेव्हा मामाला म्हणाला, मला शहरात राहायचंय, मला सरळ पायाची बघा. त्याचे स्वतःचे पाय दोन बोटांचे होते. आक्काला हे कळलं तेव्हा ती नाचणी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही, पाखडतच राहिली. त्यानंतर तिच्या लग्नाचा विषय आमच्या घरात कोणी काढला नाही.

मला मात्र शाळेसाठी मंचरला चुलत्याच्या खोलीवर ठेवलं. चुलता तिथे एका गोदामात कामाला होता, तोही सरळ पायाचा. मी बारावी झाले. तोवर नव्वदच्या दशकाची पाच-सहा वर्षं उलटली होती, आणि मला अवसरी बुद्रुकचं स्थळ आलं. मळा, विहीर, दारात ट्रॅक्टर, मुलगा डेअरीत. आईला तर विश्वासच बसेना.

बघण्याचा कार्यक्रम वाडीत ठेवला नाही, चुलत्याच्या खोलीवरच ठेवला. वर गाडी जात नाही, पावण्यांना त्रास कशाला, असं सांगितलं. वडील बूट-मोजे घालून भिंतीला टेकून बसले होते. मुलाच्या आईनं विचारलं, “भावंडं किती हिला?”

“दोगंच,” वडील म्हणाले. “ही आन् धाकला.”

मी पोह्यांच्या बशा घेऊन उभी होते. वडिलांनी माझ्याकडे बघितलं नाही.

लग्न मंचरच्या मंगल कार्यालयात झालं. आक्का आली नाही. गुरांना कोण बघणार, असं आई म्हणाली. कन्यादानाला वडिलांना पाय उघडे करून पाटावर बसावं लागलं असतं, म्हणून चुलता-चुलती बसली. दमा आहे, धुरात बसवत नाही, असं कारण सांगितलं. वडिलांना कधीच दमा नव्हता. ते मागे खांबाजवळ उभे होते, नव्या कोऱ्या बुटांत. जावयाचे पाय चुलत्यानं धुतले. मी ते सगळं शेजारच्या पाटावरून बघितलं आणि मला तेव्हा त्यात फारसं वावगंही वाटलं नाही. आमच्याकडे लग्नं अशीच होत.

सासर वाईट नव्हतं, हे सांगायला हवं. सासूबाई, म्हणजे आत्याबाई, तोंडानं फटकळ, पण हातानं सढळ. नवरा शांत. डेअरीतून येताना कधीमधी खव्याची पुडी आणायचा आणि आईला न दाखवता माझ्या उशाशी ठेवायचा. मी तिथे सुखात होते.

सातव्या महिन्यात मला माहेरी नेलं. त्याच दिवसांत ग्रहण लागलं. आईनं मला दार लावून आतल्या खोलीत निजवलं. हात छातीवर, पाय लांब, कुशीवर सुद्धा वळायचं नाही. आक्का दाराशी बसून होती. मी पाण्याचा थेंब घेतला नाही, नख सुद्धा मोडलं नाही. ग्रहण सुटल्यावर आक्कानंच मला हात धरून उठवलं, कारण अंग पार आखडून गेलं होतं.

बाळंतपण मंचरच्या एका दवाखान्यात झालं. मुलगी झाली. नर्स बोलता बोलता एकदम गप्प झाली आणि बाळ घेऊन बाहेर गेली. मला तेव्हाच कळलं. मी वर पंख्याकडे बघत पडून राहिले.

थोड्या वेळानं डॉक्टर आले. एका बाजूला माझी आई, दुसऱ्या बाजूला आत्याबाई. डॉक्टर म्हणाले, “बाळाची तब्येत उत्तम आहे. फक्त दोन्ही पायांची ठेवण वेगळी आहे. हे बहुतेक वेळा घराण्यात चालत आलेलं असतं. तुमच्या कोणाकडे आहे का?”

आत्याबाईंनी ठामपणे मान हलवली. मग सगळे आईकडे बघू लागले.

“न्हाई हो डाक्टर,” आई म्हणाली. “आमच्यात कुनाला न्हाई. हिनं गिरानात काकडी चिरली. मी म्हनत व्हते, नगं गं, नगं. ऐकलं न्हाई.”

मी तोंड उघडलं. आईनं माझा हात चादरीखाली धरला आणि इतका दाबला की बांगडी रुतली.

आत्याबाई रडल्या नाहीत. “काकडी,” एवढंच म्हणाल्या. “काकडीसाठी.”

सगळे गेल्यावर मी आईला विचारलं, “असं का बोललीस?”

“मग काय सांगू?” आई बाळाला टकुचं घालत होती. “तुझ्या चुलत्याच्या दोन पोरी लग्नाच्या हायेत. तुझा भाऊ हाय. येक डाव नाव झालं की वाडीला कोन इचारील? तुझं काय, तुझं लगीन झालंय. चार दिस बोलतील आन् गप बसतील.”

चार दिवस नव्हे, दीड वर्ष बोलत होते. अवसरीत मी ‘गिरानातली’ झाले. कोणाच्या सुनेला दिवस गेले की तिची सासू तिला आमच्या घरी घेऊन यायची, हळदीकुंकवाचं निमित्त करून. मग आत्याबाई माझ्या मुलीचे मोजे काढून पाय दाखवायच्या. “बघ बाई. थोरल्यांचं न्हाई ऐकलं की आसं व्हतं.” ती गर्भार पोर घाबरून माझ्याकडे बघायची आणि मी चहा टाकायला आत जायचे. पुढे कितीतरी वर्षांनी मला एका डॉक्टरांनी सांगितलं की पोटातल्या बाळाचे पाय तिसऱ्या महिन्याच्या आतच तयार होऊन जातात. माझं ग्रहण सातव्यात होतं. ते आधी कळलं असतं तरी अवसरीत कोणाला सांगणार होते?

तरी एक गोष्ट होती. आत्याबाई मला दोष देत, पण नातीला जीव लावत. चूक सुनेची, पोरीची नव्हे, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या वेळी मी स्वतः उशाशी बसून ग्रहण पाळून घेईन, असं त्या माझ्या नवऱ्याला सांगायच्या. म्हणजे पुढची वेळ येणार होती. त्या खोट्यात मला राहायला जागा होती, हे मला जागा गेल्यावर कळलं.

त्यांनी ओझरला नवस बोलला होता. पोर चालायला लागली की तिला देवळाच्या आवारात अनवाणी चालवीन. पोर वेळेवर चालली. चालली काय, पळायलाच लागली. त्या दोन बोटांनी ती अंगणातली माती अशी पकडायची की पडायचीच नाही. आत्याबाईंनी चतुर्थी ठरवली, माझ्या माहेरी निरोप धाडला. आईनं उलट निरोप पाठवला की भाताची कापणी आहे, येता येणार नाही. मला ठाऊकच होतं.

त्या दिवशी नवरा, आत्याबाई, पोर आणि मी नारायणगावपर्यंत एसटीनं गेलो आणि तिथून ओझरला जीपनं. चतुर्थीची गर्दी होती. देवळाच्या दारातून आत गेल्यावर आत्याबाईंनी पोरीचे मोजे काढले आणि तिला फरशीवर उभं केलं. बायका थांबून बघू लागल्या. कोणी तोंडाला पदर लावला, कोणी पोरीला नमस्कार केला, कोणी चुकचुकलं. पोर खुशीत दीपमाळेकडे निघाली. मी तिच्यामागे, आत्याबाई माझ्यामागे. आणि समोर आक्का उभी होती.

ती एकटी, कोणाला न विचारता आली होती. पहाटेच वाडी उतरून, घोडेगावला एसटी पकडून, मंचर, नारायणगाव करत. आयुष्यात ती पहिल्यांदाच घोडेगावच्या पुढे आली होती. पायांत तेच कॅनव्हासचे बूट. देवळाच्या आवारात बूट घातलेत म्हणून एक माणूस तिच्यावर ओरडत होता.

“आत्याबाई, नमस्कार करते,” ती म्हणाली.

“कोन गं बाई तू?”

“मी हिची थोरली भन.”

आत्याबाईंनी तिला खालीवर बघितलं. “हिला भन न्हाई. बोलनी झाली तवाच सांगितलंय आमाला. येक भाऊ हाय फकस्त.”

“सांगितलं आसंल,” आक्का म्हणाली. “पर मी हाय.”

ती तिथेच फरशीवर बसली आणि तिनं बूट काढले. आधी एक, मग दुसरा. आतल्या चिंध्या फरशीवर सांडल्या. ज्या बायका पोरीचे पाय बघायला थांबल्या होत्या त्या आता आक्काच्या पायांकडे वळल्या. आक्का उठून उभी राहिली, माझ्या मुलीच्या शेजारी. मोठे दोन पाय आणि छोटे दोन पाय, अगदी एकाच साच्यातले.

“हिनं काकडी चिरली न्हाई,” आक्का म्हणाली. “मी दाराशी बसले व्हते. हिनं बोट बी हलवलं न्हाई. माझ्या वडलांचे पाय आसेच हायेत. माझ्या आज्याचे आसेच व्हते. आमच्या वाडीत घरोघरी हायेत. आता येवढी गिरानं कुठून आनायची?”

मला वाटलं आत्याबाई ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. त्या नुसत्या बघत राहिल्या, आक्काच्या पायांकडे, पोरीच्या पायांकडे आणि मग माझ्या सरळ पायांकडे. नंतर त्यांनी वाकून नातीला उचललं. दीड वर्ष त्यांनी तिला जिवापाड जपलं होतं. तिला त्यांनी आक्काच्या हातात दिलं.

“तुमचं हाय,” त्या म्हणाल्या. “तुमी घ्या.”

आणि डोक्यावरचा पदर सारखा करून त्या एकट्याच दर्शनाच्या रांगेत गेल्या.

नवरा जीपपाशी थांबला होता. त्याला आत्याबाईंनीच जाऊन सांगितलं असावं. मी गेले तेव्हा तो चाकाकडे बघत उभा होता.

“आधी सांगितलं आसतंस मला तर?” तो म्हणाला.

“तर केलं असतं लग्न?”

त्यानं चपलेनं चाकावरचा चिखल खरवडला. मग म्हणाला, “मला इचारायला तर पायजे व्हतं ना कुनी.” तो खोटं बोलला असता, केलं असतं म्हणाला असता, तर मला बरं वाटलं असतं. तो आईला घेऊन नारायणगावच्या जीपमध्ये बसला. आम्हाला जागा आहे की नाही, हे त्यानं विचारलं नाही.

माझे कपडे पुढे एका जावेनं पोत्यात भरून पाठवले. घरात त्यावर बोलणं एकच झालं म्हणे: पोरीकडच्यांनी फसवलं. काकडीचा गुन्हा माफ होण्यासारखा होता. रक्ताचा नव्हता. नवऱ्यानं पुढच्याच वर्षी दुसरं लग्न केलं, उघडपणे केलं आणि कोणाला त्यात काही गैर वाटलं नाही. मी भांडायला गेले नाही. भांडायला गेले असते तर तिथे पुन्हा पोरीचे मोजे काढून दाखवावे लागले असते.

ओझरहून आम्ही तिघी वाडीला गेलो. बातमी आमच्या आधी पोचली होती. चतुर्थीच्या गर्दीत खालच्या गावची ओळखीची माणसं असणारच. चुलत्याच्या थोरल्या मुलीचं स्थळ पेठच्या बाजूला ठरलं होतं, ते आठवड्याभरात मोडलं. भावकी आमच्या अंगणात जमली. मला कोणी बोललं नाही. सगळे आक्काला बोलले.

चुलता म्हणाला, “तुझं तर काय झालं न्हाई. म्हनून आता कुनाचंच होऊ द्यायचं न्हाई, आसं हाय व्हय?”

बोलणाऱ्यांत निम्मे दोन बोटांच्या पायांचे होते. मला वाटलं होतं, त्यांच्यातलं एक तरी माणूस आक्काच्या बाजूनं उभं राहील. मामाचा तो भोसरीचा मुलगाही सुट्टीवर आलेला होता, नव्या बुटांत. तो म्हणाला, “आमी कसं तरी झाकून जगतोय आन् हिनं ते देवळात उघडं केलं.”

आईनं आम्हाला बाहेर ठेवून दार लावून घेतलं. वडील आमच्याबरोबर शेवटच्या खाचरापर्यंत आले. काहीतरी बोलायचं होतं त्यांना. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मागे वळले. पुढे ते वारले तेव्हा आम्हाला दहाव्यानंतर कळवलं.

आम्ही नारायणगावात बाजाराच्या मागे एक खोली घेतली. आक्का टोमॅटोच्या बाजारात माल निवडायला जाऊ लागली. तिथे पायाकडे बघायला कोणाला वेळ नसतो, क्रेट उचलणारे हात लागतात. मी एका मारवाडी शेठच्या कापडाच्या दुकानात लागले, बारावीचा तेवढा उपयोग झाला. शेठाणींनी एकदा पोरीचे पाय बघितले आणि विचारलं, “दुखतात का गं तिला?” मी नाही म्हटलं. त्या “मग झालं” म्हणाल्या आणि पुन्हा तो विषय काढला नाही. एवढं साधं बोलायला मला आधी कोणी भेटलंच नव्हतं.

पहिली काही वर्षं मी आक्काशी धड बोलत नव्हते. एका खोलीत, एका चुलीवर, पण गरजेपुरतंच. एक दिवस भाकरी करताना मी म्हणाले, “कोणी सांगितलं होतं तुला यायला? माझं घर होतं तिथं. ऐकून घेत होते मी. माझ्यासाठी म्हणून आलीस आणि माझंच मोडलंस.”

आक्का तव्यावरची भाकरी उलटत होती. “तुझ्यासाठी न्हाई आले,” ती म्हणाली.

“मग?”

“तुझी सोयरीक झाली, आपल्या बापानं सांगितलं दोन भावंडं. तुझं लगीन झालं, मी गोठ्यात. तुझी पोर झाली, आई म्हनली आमच्यात कुनाला न्हाई. मी तवा घरात व्हते, जित्ती. मला वाटलं, येकदा कुनीतरी बघावं आन् म्हनावं, ही हाय.” भाकरी फुगली, तिनं ती उतरवली. “तुझं मोडंल आसं वाटलं न्हाई. वाटलं तरी आले आसते बहुतेक.”

मला तिचा राग यायला हवा होता. आलाही. पण त्यानंतर आम्ही बोलायला लागलो.

मुलगी शाळेत जायला लागल्यावर, म्हणजे दोन हजार सालानंतर, पुण्याहून डॉक्टरांचं एक पथक आलं. ते वाडीवरही जाऊन आले होते. तिथे सगळी माणसं रानात निघून गेली होती म्हणे, घरांना कड्या. कोणीतरी त्यांना आमचा पत्ता दिला. एक तरुण डॉक्टरीण बाई आणि फोटोवाला. चांगली माणसं होती. त्यांनी पायांचे फोटो काढले, वरून, खालून, बाजूनं. आमचं रक्त घेतलं. बाईंनी मला समजावून सांगितलं की हे आईबापाकडून मुलांत येतं, आणि कधी कधी एखाद्या माणसात असूनही दिसत नाही. म्हणजे पाय सरळ, पण आत आहेच. तसं माणूस पुढे मुलांना देऊ शकतं. “तुमच्यासारखं,” त्या म्हणाल्या.

आक्कानं विचारलं, “तोंडाचा न्हाई काढायचा फोटू?”

फोटोवाला हसला. “नको मावशी. चेहरा लागत नाही.”

ते पुन्हा आले नाहीत. फोटो कुठे छापले, आम्हाला ठाऊक नाही.

मग माझ्या भावाचं लग्न ठरलं. आई पहिल्यांदा नारायणगावच्या खोलीवर आली. पिशवीत दोन लुगडी, आक्काला एक, मला एक. चहा घेतला, नातीकडे बघून “मोठी झाली” म्हणाली आणि मग मुद्द्यावर आली. मुलगी जुन्नरच्या पलीकडच्या गावची आहे, घर मोठं आहे, तुम्ही लग्नाला येऊ नका.

“आमच्याबद्दल काय सांगितलंस त्यांना?” मी विचारलं.

आईनं पदरानं तोंड पुसलं. “काय न्हाई. सांगितलं, येक पोरगी नवऱ्यानं टाकलीया, तिचं डोकं जरा फिरलंय, कायबाय बोलती.”

आक्काबद्दल तिनं काही सांगितलेलंच नव्हतं.

आई गेल्यावर मी ठरवलं की त्या मुलीला सांगायचं. माझ्यासारखं पंख्याकडे बघत पडायची वेळ तिच्यावर येऊ नये. मी दुकानातून सुट्टी काढून त्या गावाला गेले. मुलीचे आईवडील घरीच होते. मी भावाचं नाव सांगून ओळख दिली आणि सगळं सांगितलं, वाडीचं, वडिलांचं, माझ्या मुलीचं. डॉक्टरीण बाईंनी सांगितलेलंही सांगितलं, की सरळ पाय बघून भुलू नका, मी सरळच आहे.

ते किती नीट वागले माझ्याशी! सावलीत खुर्ची दिली. चहा, बिस्किटं दिली. मुलीचा बाप प्रत्येक वाक्याला “व्हय ताई, व्हय, खरं हाय” म्हणत होता. मुलीची आई माझ्याकडे अशा डोळ्यांनी बघत होती की मला कळेना, हिला एवढं भरून का येतंय. परत निघाले तेव्हा त्यांनी एका पोराला मला स्टँडपर्यंत सोडायला पाठवलं, रस्ता चुकेन म्हणून. एसटीत बसल्यावर माझ्या ध्यानात आलं. आई आपलं काम आधीच करून गेली होती.

लग्न थाटात झालं, असं ऐकलं. वर्षभरात भावाला मुलगा झाला. पाय सरळ. वाडीत मोठी पंगत झाली आणि आई ज्याला त्याला सांगत फिरत होती की बघा, आमच्यात काही नाही, लोकं उगाच बोलतात, ओझरला एक बाई आली होती ती कोण कुठली. नारायणगावला माल घेऊन येणाऱ्या एका जीपवाल्याच्या हाती तिनं आमच्यासाठी पेढे धाडले.

मी पुडा सोडून पेढे बशीत ठेवले. मी एकही उचलला नाही. त्या बाळाचे पाय सरळ असले म्हणून त्याच्या आत ते नाही असं होत नाही, हे वाडीत आईखेरीज कोणाला कळत असेल तर मला ठाऊक नाही. आईला नक्की कळत होतं. आक्कानं एक पेढा खाल्ला, बेताचाच आहे म्हणाली आणि बाजाराला जायची तयारी करू लागली.

माझी मुलगी शाळेतून आली. दप्तर टाकून तिनं दोन पेढे खाल्ले. “कसले गं?”

“मामाला बाळ झालं.”

“आपण कधी जायचं बघायला?”

“आपल्याला बोलावलं न्हाई,” आक्का म्हणाली.

मुलगी बोटाला लागलेला पेढा चाटत थांबली. “मग पाठवले कशाला?”

मी उरलेले पेढे पुन्हा पुड्यात बांधले. मग आक्का बाजाराला गेली, आणि मी दुकानात.